घरच्या गाडीला स्वस्तातलं टर्बाइन इंजिन कसं शोधायचं, नागपूरकडच्या नवीन लोकांसाठी

महिन्याला एखादा तरी पोरगा विचारतोच, बहुतेक इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा, की दादा मी घरी गाडी बनवून राहिलो, तिला टर्बाइन इंजिन लावायचंय, स्वस्तात कुठं भेटेल. दरवेळी तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढावं. मुख्य गोष्ट आधीच सांगतो. नुसतं इंजिन स्वस्तात भेटतं, कधी कधी किलोच्या भावानंही भेटतं, पण त्याला चालवायला जे सामान लागतं ते सोबत नसलं की तेच इंजिन सगळ्यात महाग पडतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझं पहिलं इंजिन एक छोटा एपीयू होता, म्हणजे विमानात मेन इंजिन बंद असताना वीज आणि हवा देणारं छोटं टर्बाइन. एका भंगारवाल्याकडे दिसला, कॉम्प्रेसर (हवा दाबणारं चाक) स्वच्छ, बोटानं फिरवला तर लोण्यासारखा फिरला, मी तिथंच पैसे मोजले आणि टेम्पोत घालून हिंगणा एमआयडीसीत एका ओळखीच्या फिटर काकांकडे नेला. काकांनी चहूबाजूनं पाह्यलं आणि एकच विचारलं, "इंजिन त चांगलं हाय बाबू, पण याले तेल मोजून कोण देईन?" तेल म्हणजे इंधन, आणि ते मोजून देणारं फ्युएल कंट्रोल युनिटच नव्हतं. इग्निशनचा डबा नव्हता. वायरिंग तर कनेक्टरपाशी कटरनं कापलेलं. पुढची दोन वर्षं मी ते सामान शोधण्यात घालवली, फ्युएल कंट्रोल शेवटपर्यंत भेटलंच नाही, मग इलेक्ट्रिक पंप आणि स्वतः बनवलेला कंट्रोलर लावून चालवलं आणि त्याचा खर्च इंजिनाच्या किमतीच्या दुपटीच्या वर गेला.

पायरी १: थ्रस्ट पाहिजे का शाफ्ट

दुकानं, लिलाव, वेबसाइट काही उघडायच्या आधी हे ठरवा. टर्बाइन म्हटलं की आपल्याकडे लोकांना कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रातलं टर्बाइन आठवतं, ते वाफेवर चालतं, ते डोक्यातून काढून टाका. आपल्याला पाहिजे ते गॅस टर्बाइन, म्हणजे हवा आत ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं आणि त्या गरम हवेनं चाक फिरवायचं. आता ती उरलेली गरम हवा मागून फेकून गाडी ढकलायची, म्हणजे थ्रस्ट, का तिच्यातून शाफ्ट म्हणजे दांडा फिरवून चाकाला ताकद द्यायची, हा पहिला प्रश्न.

थ्रस्टवर चालणारी गाडी बनवायला सोपी, गिअरबॉक्स नाही, क्लच नाही, चेन नाही. पण हिशोब करून पाहा. १० किलो थ्रस्ट म्हणजे साधारण १०० न्यूटन, आणि गाडी ताशी ५० किलोमीटरनं चालली तर चाकाशी पोचणारी ताकद होते सुमारे १.४ किलोवॅट, म्हणजे दोन हॉर्सपॉवरसुद्धा नाही. गल्लीतल्या गिअरलेस स्कूटरची ताकद याच्या तिप्पट-चौपट असते. जेटची मजा वेगात असते, हळू चालणाऱ्या गाडीला ते मानवत नाही. गो-कार्ट हळूहळू सरकवायचं असेल, आवाज आणि ज्वाळा पाहायची असेल, शिकायचं असेल तर थ्रस्ट ठीक आहे. खरंच पळणारी गाडी पाहिजे तर शाफ्टवालं इंजिन लागतं.

शाफ्टवाल्यातही दोन जाती आहेत आणि इथं नवीन लोक हमखास फसतात. एक सिंगल शाफ्ट, ज्याच्यात कॉम्प्रेसर, टर्बाइन आणि आउटपुट सगळं एकाच दांड्यावर असतं. हे इंजिन एका ठरावीक स्पीडवर चालायला बनवलेलं राहते, त्याला लोड देऊन आरपीएम खाली ओढला तर ताकद वाढत नाही, उलट हवा कमी पडते, टेंपरेचर चढतं आणि इंजिन बसतं. गाडीला उभ्यावरून उचलायला नेमकं उलटं पाहिजे असतं. दुसरी जात फ्री टर्बाइन, तिच्यात ताकद देणारं चाक वेगळ्या दांड्यावर असतं, फक्त हवेनं जोडलेलं. गाडी उभी असली तरी पुढचा भाग पूर्ण स्पीडनं फिरू शकतो आणि उभ्या चाकावर सगळ्यात जास्त टॉर्क मिळतो, जवळपास ऑटोमॅटिक गाडीतल्या टॉर्क कन्व्हर्टरसारखं. क्रायस्लरनं १९६३ ते १९६६ मध्ये टर्बाइन कार लोकांना चालवायला दिल्या, एकूण ५५ गाड्या बनल्या होत्या, १३० हॉर्सपॉवरच्या, त्याही फ्री टर्बाइनवाल्याच. त्यांची आयडलच १८ ते २२ हजार आरपीएम होती आणि पूर्ण स्पीड ४४ हजारांच्या वर.

म्हणून इंजिन दिसलं की पहिलं हे विचारा की ते सिंगल शाफ्ट आहे का फ्री टर्बाइन. विकणाऱ्याला माहीत नसेल तर स्वतः पाहा, आउटपुट शाफ्ट हातानं फिरवला आणि समोरून कॉम्प्रेसर पण फिरला तर सिंगल शाफ्ट. कॉम्प्रेसर जागचा हलला नाही तर बहुतेक फ्री टर्बाइन, बहुतेक एवढ्यासाठी की मधात क्लच असला तरी असंच होतं.

पायरी २: कोणकोणती इंजिनं आपल्या आवाक्यात येतात

सगळ्यात खालची पायरी म्हणजे ट्रकचा टर्बो. टर्बोचार्जर म्हणजे अर्धं जेट इंजिनच आहे, कॉम्प्रेसर आहे, टर्बाइन आहे, बेअरिंग आहे, फक्त मधात जाळायची जागा नाही, ती आपण बनवायची. माझं मत विचाराल तर पहिला प्रोजेक्ट हाच करा, दुसरं काही नको, कारण इथं चूक झाली तर चार-पाच हजाराचा टर्बो जातो, लाखाचं इंजिन जात नाही आणि स्टार्ट करणं, तेलाचा दाब, एक्झॉस्ट टेंपरेचर या सगळ्याची समज येते जी पुढं प्रत्येक इंजिनाला लागते.

त्याच्या वर रिमोट कंट्रोल विमानाची छोटी जेट इंजिनं, जेटकॅट, किंगटेक वगैरे. १०० न्यूटनचं इंजिन बाहेर दोन-तीन हजार डॉलरला असतं, इकडे येईपर्यंत ड्युटी आणि कुरिअर धरून बरंच वाढतं. त्याचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे डब्यात सगळं येतं, ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा कंट्रोलर, पंप, स्टार्टर, टेंपरेचर सेन्सर, बटण दाबलं की स्वतःच सुरू होतं. पण थ्रस्ट तेवढाच, आणि पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला साडेतीनशे-चारशे मिली इंधन पितं.

मग येतात एपीयू आणि जेट स्टार्टर, म्हणजे विमानाचं मोठं इंजिन फिरवून सुरू करून देणारं छोटं टर्बाइन. हौशी लोकांमध्ये नावाजलेली म्हणजे सोलर टी-६२, सुमारे ६० हजार आरपीएमवर फिरणारं सिंगल शाफ्ट इंजिन, एका बाजूला कॉम्प्रेसर आणि त्याच्याच पाठीला टर्बाइन. रोव्हर १एस/६०, ब्रिटिश, ६० हॉर्सपॉवर, ४६ हजार आरपीएम, हे फायर पंपांना लावायचे आणि तिकडच्या कॉलेजांत शिकवायला ठेवायचे, म्हणून अजूनही कुठं कुठं चांगल्या अवस्थेत सापडतं. गॅरेट जेएफएस-१००, ए-७ कोर्सेअर विमानाचा स्टार्टर, सुमारे ९० हॉर्सपॉवर आणि फ्री टर्बाइन, म्हणून मोटारसायकल बनवणाऱ्यांना फार आवडतं. रशियन बाजूला मिग-२३, मिग-२७ घराण्यातल्या इंजिनांचे टर्बोस्टार्टर आणि एमआय-१७ हेलिकॉप्टरमधलं एआय-९व्ही. हे शेवटचं मुख्यतः दाबलेली हवा देतं, गाडीच्या कामाचा शाफ्ट त्याला नाही, हे न पाहता घेतलं तर गाडीला जोडायचं काय हा प्रश्न पडतो.

स्टार्टरबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून ठासून सांगतो. स्टार्टरचं काम एका मिनिटाच्या आतच संपतं, मोठं इंजिन फिरवून दिलं की हे बंद. त्याचं तेल, त्याचं कूलिंग, त्याची बेअरिंग सगळी त्याच हिशोबानं बनवलेली. तुम्ही त्याला सलग दहा मिनिटं चालवाल तर तेल उकळेल. मोठी ऑइल टाकी आणि ऑइल कूलर लावल्याशिवाय स्टार्टर गाडीला लावू नका.

सगळ्यात वर हेलिकॉप्टरची टर्बोशाफ्ट. ॲलिसन २५० सगळ्यांचं स्वप्न, सी-१८ मॉडेल ३०० हॉर्सपॉवरच्या वर, वजन ७० किलोच्या आसपास, आउटपुट साधारण ६,००० आरपीएमवर म्हणजे साध्या गिअरलाही झेपेल असं आणि फ्री टर्बाइन. एमटीटी या अमेरिकन कंपनीची वायटूके मोटारसायकल २००० साली याच इंजिनावर आली. उडण्याचं आयुष्य संपलेलं असलं तरी किंमत डॉलरमध्ये पाच आकडी जाते. फुल पॉवरला मोठं सी-२० मॉडेल तासाला दीडशे लिटरच्या आसपास इंधन पितं, हे पण डोक्यात ठेवा. आपल्याकडं चेतक आणि चीता हेलिकॉप्टरचं आर्टुस्ट इंजिन जास्त ओळखीचं, एचएएल बनवायची, पण ते सिंगल शाफ्ट आहे, हेलिकॉप्टरमध्ये सुद्धा मधात क्लच असतो. गाडीसाठी मी ते घेणार नाही.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ रिटायर झाल्यापासून बरेच जण विचारून राहिले की त्याचं इंजिन भंगारात येईल का. अरे बाप्पा, त्या इंजिनाचं वजनच टनाच्या वर आहे, थ्रस्ट टनांत, ते बांधून ठेवायला काँक्रीटचा पाया लागतो. घरच्या गाडीचं ते इंजिन नाही.

पायरी ३: नागपुरात कुठं पाहायचं

टर्बोसाठी वाडी आणि कापसी. अमरावती रोड आणि भंडारा रोडवर ट्रकची जी गॅरेजं आहेत तिथं सकाळी जा, दुपारी कोणाला बोलायला वेळ नसतो. सरळ सांगा की गाडीला लावायचा नाही, प्रयोगाला पाहिजे, म्हणजे ते बदललेले जुने टर्बो दाखवतात. बीएस-२, बीएस-३ काळातल्या ट्रकचा साधा किंवा वेस्टगेटवाला (जादा एक्झॉस्ट बाजूनं सोडणारी झडप असलेला) टर्बो घ्या. नवीन गाड्यांचा व्हीजीटी टर्बो, ज्याच्यात आतल्या पाती हलतात, तो घेऊ नका, आपल्या उपयोगात त्या पाती जाम होतात. कारचा, बोलेरो-स्कॉर्पिओचा टर्बो फार बारीक पडतो, स्वतःच्या जोरावर चालतच नाही लवकर. कॉम्प्रेसरच्या चाकाचा हवा घेणारा तोंडाचा व्यास, ज्याला इंड्युसर म्हणतात, तो व्हर्नियरनं मोजा, ५० ते ७५ मिलिमीटर असला तर बरं.

आपल्याकडं अजून एक जागा आहे जी पुण्या-मुंबईच्या पोरांकडं नाही, कोळसा खाणी. उमरेड, सावनेर, कामठी पट्ट्यात मोठे डंपर चालतात, त्यांच्या इंजिनांचे टर्बो मोठे. खाणी चालवणाऱ्या डब्ल्यूसीएलचं (वेस्टर्न कोलफील्ड्स) मुख्यालय इथंच सिव्हिल लाइन्सला आहे, पण तिथं जाऊन कोणी हातात टर्बो देत नाही, सरकारी भंगार ऑनलाइन लिलावातच निघतं आणि लॉट टनांचा असतो. आपण लॉट घ्यायचा नाही, लॉट ज्यानं घेतला तो व्यापारी शोधायचा आणि त्याच्याकडून एक नग वेगळा काढून घ्यायचा. मला हाच रस्ता सगळ्यात जमला.

विमानाच्या इंजिनांसाठी पण लिलावच. एमएसटीसी आणि जेम या सरकारी पोर्टलवरचे ऑनलाइन लिलाव पाहत राहा, खरेदीदार म्हणून नोंदणी करावी लागते, आधी अनामत भरावी लागते आणि अट बहुतेक जसं आहे जिथं आहे अशी असते, म्हणजे उचलल्यावर तक्रार नाही. लॉट पाहायची तारीख दिलेली असते, त्या दिवशी गेल्याशिवाय बोली लावू नका, फोटोवरून तर बिलकुल नाही. वायुसेना नगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, मिहानमध्ये एअर इंडियाच्या विमानांसाठी उभारलेला एमआरओ, म्हणजे विमान दुरुस्ती केंद्र, आहे, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की ओळख काढली की गेटवरून इंजिन भेटेल. तसं होत नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. विमानाचा बाद झालेला भाग परत विमानात जाऊ नये म्हणून तो विकण्याआधी कापून, ठोकून निकामी करायची पद्धत आहे. म्हणून कुठं धडधाकट विमानी इंजिन कागदाविना दिसलं तर पहिला प्रश्न हा की हे बाहेर आलं कसं. लिलावाचा कागद, डिलिव्हरी ऑर्डर, जीएसटी बिल, सगळ्यांवर इंजिनाचा सीरियल नंबर, हे नसेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. उद्या टेम्पो रस्त्यात अडवला तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

विमान मेंटेनन्स शिकवणाऱ्या संस्था पण विचारून पाहा, त्यांच्याकडची शिकवायची जुनी इंजिनं कधी कधी निघतात. तिथं एकच खबरदारी, ती इंजिनं आत दाखवायला कापलेली असतात, कधी बाहेरून रंग मारून कापलेलं झाकलेलं राहते.

पायरी ४: बाहेरून मागवायचं असेल तर

ब्रिटन, जर्मनी, अमेरिकेत सरप्लस विकणारे आहेत आणि तिथली यादी पाहून लाळ सुटते, पण बोली लावण्याआधी विकणाऱ्याला एकच प्रश्न लिहून विचारा, भारतात पाठवायला एक्सपोर्ट लायसन लागते का आणि ते तुम्ही काढणार का. अमेरिकेच्या लष्करी मालाच्या यादीत गॅस टर्बाइनसाठी वेगळा १९ वा वर्गच आहे. छोटी टर्बोजेट क्षेपणास्त्राला आणि ड्रोनलाही चालतात म्हणून क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटातही त्यांचा उल्लेख आहे, भारत २०१६ पासून त्या गटात आहे. तुम्ही गो-कार्टला लावणार हे खरं असलं तरी तिकडच्या कस्टम्सला ते कागदावरच कळतं.

आपल्याकडं येताना ते कस्टम्सच्या यादीत ८४११ या शीर्षकाखाली येतं. जुन्या मालाच्या आयातीचे नियम वेगळे असतात, म्हणून पैसे पाठवायच्या आधी क्लिअरिंग एजंटला मॉडेलचं नाव आणि फोटो देऊन ड्युटी आणि परवानगीचं लेखी विचारा. आधी मागवू मग पाहू असं केलं की माल बंदरात पडून राहतो आणि रोजचं भाडं चढतं.

पायरी ५: हातात आल्यावर काय तपासायचं

सोबत न्यायचं सामान साधं आहे, टॉर्च, मोबाइलला लागणारा बोरस्कोप (आत घालता येणारा बारीक नळीचा) कॅमेरा, छोटा आरसा, व्हर्नियर आणि कापड.

टर्बो असेल तर दांडा हलवून पाहा. आडवा थोडा खेळ असतोच, तिथं तेलावर तरंगणारं बुश असतं, कोरड्या टर्बोत तो हाताला जाणवतो, म्हणून नवीन लोक चांगले टर्बो नाकारतात. पण दांडा पुढं-मागं ओढल्यावर खेळ कळला तर थ्रस्ट बेअरिंग गेलं. चाक एका बाजूला दाबून फिरवा, हाउसिंगला घासलं तर नको.

मोठ्या इंजिनात पहिलं कॉम्प्रेसरचं तोंड. पात्यांच्या पुढच्या कडांवर टवके, वाकलेली टोकं दिसली तर काहीतरी आत गेलंय. मग बोरस्कोप मागून घालून टर्बाइनच्या पाती आणि त्याच्या पुढची स्थिर नोझल पाहा. गरम भाग इथं खोटं बोलत नाही. नोझलच्या कडा जळून लाटांसारख्या झाल्या असतील, चिरा असतील, पातीचं टोक निळं-जांभळं पडून लांबलेलं वाटलं तर ते इंजिन कधीतरी स्टार्टला फार तापलंय. शंका आली तर डाय पेनेट्रंटचे तीन स्प्रे घेऊन जा, वेल्डिंगच्या दुकानात भेटतात, लाल मारायचं, पुसायचं, पांढरं मारायचं, चीर असेल तर लाल रेघ उमटते.

हळू फिरवून कान लावा. खरखर किंवा एका जागी अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंग. तेलाचा प्लग उघडून बोट घाला, चुंबक फिरवा, चमचमणारे कण दिसले तर ते इंजिन घेऊ नका. काळं कोळशासारखं चिकटलेलं असेल तर इंजिन गरम असताना एकदम बंद केलेलं आहे, वारंवार.

डेटा प्लेट वाचा आणि फोटो काढा. लॉग बुक असेल तर किती तास, किती वेळा स्टार्ट झालं ते पाहा, टर्बाइनचं चाक तासांपेक्षा स्टार्टनं जास्त म्हातारं होतं. उडण्याचं आयुष्य संपलंय एवढ्यावरून घाबरू नका, त्याचमुळं ते आपल्याला परवडतं, पण ते आता जमिनीवरच राहील हे पक्कं. जुन्या इंजिनांची केसिंग मॅग्नेशियमची असू शकते, घासून ठिणगी पाडून पाहू नका, मॅग्नेशियम पेटलं की पाण्यानं विझत नाही, भडकतं. पिवळसर कॅडमियमचा लेप असलेले नट-बोल्ट वेल्डिंगनं तापवू नका, तो धूर विषारी असतो.

पायरी ६: सोबत काय काय येतं

इथं मी दोन वर्षं घालवली म्हणून सावकाश वाचा. फ्युएल पंप आणि फ्युएल कंट्रोल, एकाच इंजिनाच्या मॉडेलचे, दुसऱ्या मॉडेलचं बसतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. इग्नायटर प्लग आणि त्याला ठिणगीची वीज देणारा एक्सायटर डबा, हा डबा जिवावरचा शॉक देतो, बंद असतानाही त्यात चार्ज राहतो. स्टार्टर मोटर, बहुतेक २४ व्होल्टची, म्हणजे दोन ट्रक बॅटऱ्या धरा. वायरिंग हार्नेस कनेक्टरसकट, कापलेलं असेल तर वायरिंग डायग्राम आहे का. टेंपरेचरचे थर्मोकपल, आरपीएमचा सेन्सर. ऑइल टाकी आणि कूलर. आउटपुटवर लागणारं स्प्लाइन किंवा फ्लँज, हे छोटं दिसतं पण बाहेर बनवून घ्यायला हिंगण्याला सुद्धा वेळ आणि पैसा जातो. आणि मॅन्युअल. ज्या इंजिनाचं मॅन्युअल सापडत नाही ते कोणी फुकट दिलं तरी मी नवीन माणसाला घेऊ देणार नाही.

दोन इंजिनं समोर असली, एक स्वस्त पण नागडं आणि दुसरं दुप्पट किमतीचं पण सगळ्या सामानासकट, तर दुसरं घ्या. ऑइलपण हिशोबात धरा, विमानी टर्बाइनला सिंथेटिक टर्बाइन ऑइलच लागतं, गाडीचं इंजिन ऑइल चालत नाही, आणि ते हाताला लावून घेऊ नका, त्यातली काही रसायनं त्वचेतून आत जातात.

पायरी ७: टर्बोचं इंजिन करायचं ठरलं तर मापं

हे थोडक्यात देतो, कारण बहुतेकांचा प्रवास इथंच सुरू होईल. हौशी लोकांत चालणारा अंदाज असा की जाळायच्या नळीचा व्यास इंड्युसरच्या दोन ते अडीच पट, लांबी सहा पट, आणि नळीला जी भोकं पाडायची त्यांचं एकूण क्षेत्रफळ इंड्युसरच्या क्षेत्रफळाएवढं. ६० मिलिमीटरचा इंड्युसर असेल तर क्षेत्रफळ २,८२७ चौरस मिलिमीटर. त्यातलं ३० टक्के इंजेक्टरकडच्या टोकाला, म्हणजे ६ मिलिमीटरची ३० भोकं. २० टक्के मधात, ८ मिलिमीटरची ११. उरलेलं अर्धं टर्बाइनकडच्या टोकाला, १४ मिलिमीटरची ९. शेवटच्या भोकांतून येणारी थंड हवा टर्बाइनला वाचवते, तिथं कंजुषी केली की चाक गेलं. नळी स्टेनलेसची, ३१० भेटलं तर ३०४ पेक्षा बरं. बेअरिंगच्या ऑइलला वेगळा पंप, दाब ३ बारच्या आसपास. सुरुवात एलपीजीवर आणि ब्लोअरनं, इंजिन स्वतःच्या जोरावर फिरायला लागलं की डिझेलवर. डिझेल पंपावर भेटतं, धूर थोडा जास्त पण चालतं. रेशनचं निळं रॉकेल वापरू नका, ते दुसऱ्या कामाला वापरायला बंदी आहे.

पायरी ८: चालवायचं कुठं आणि कसं

रस्त्यावर नाही. घरी बनवलेल्या टर्बाइन गाडीला नोंदणी भेटत नाही, कंपनीच्या गाडीचं इंजिन असं बदलणंही कायद्यात बसत नाही. शेत, कंपनीचं मोकळं आवार किंवा ट्रॅक, मालकाची परवानगी घेऊन. वस्तीत दिवसाची आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि ही इंजिनं शंभरच्या कितीतरी वर जातात, म्हणून मी काटोल रोडकडं एका मित्राच्या शेतावर जातो, तेही कापणी झाल्यावर, वाळलेल्या गवतात तर कधीच नाही.

आणि मे महिन्यात पहिला स्टार्ट करू नका. टर्बाइनची ताकद १५ डिग्री धरून सांगितलेली असते, आपल्याकडं ४५ ला हवा पातळ, ताकद वीस टक्क्यांच्या आसपास पडू शकते आणि टेंपरेचरची मर्यादा लवकर गाठते. डिसेंबर-जानेवारीची सकाळ उत्तम.

इंजिन जमिनीला किंवा जड फ्रेमला बोल्टनं बांधा, टाकी लांब, मधात हातानं बंद होणारा कॉक. टर्बाइनच्या चाकाच्या रेषेत, म्हणजे चाक जिथं फिरतं त्याच्या बाजूला, कोणीही उभं राहायचं नाही, चाक फुटलं तर तुकडे त्याच रेषेत जातात, तिथं जाड पोलादी पट्टा लावा. दोन फायर एक्स्टिंग्विशर, एक सीओटू आणि एक पावडर, आणि ते हातात घेतलेला एक वेगळा माणूस. कानात प्लग आणि वर इअरमफ, दोन्ही.

स्टार्ट करताना नजर फक्त एक्झॉस्ट टेंपरेचरवर. काटा सरकन चढायला लागला आणि आरपीएम मागं राहिला तर इंधन लगेच बंद, पण स्टार्टर फिरवत राहायचं म्हणजे आतली उष्णता बाहेर जाते. पेटलंच नाही तर परत लगेच प्रयत्न करू नका, आत साचलेलं इंधन गळू द्या, कोरडं फिरवा, नाहीतर पुढच्या ठिणगीला मागून मोठी ज्वाळा येते. बंद करताना पण आधी आयडलला मिनिटभर, मग बंद, मग इंजिन थंड होईपर्यंत तेलाचा पंप चालू आणि ब्लोअरनं चाक फिरतं ठेवायचं. बेअरिंगजवळ तेल जळून कोळसा होतो तो बंद केल्यानंतरच्या दहा मिनिटांत.

पावसाळ्यात इंजिन शेडमध्ये पडून राहणार असेल तर सगळी तोंडं टोपणांनी किंवा जाड प्लास्टिक आणि टेपनं बंद करा, कापडानं नको, कापड ओल धरतं आणि उंदीर त्यातच घर करतात. आत सिलिका जेलच्या पुड्या, किती टाकल्या ते बाहेर चिठ्ठीवर लिहून ठेवा म्हणजे पुढच्या स्टार्टच्या आधी सगळ्या मोजून बाहेर काढता येतात. आठवड्यातून एकदा दांडा हातानं चार-पाच फेरे फिरवायचा आणि दरवेळी वेगळ्या जागेवर थांबवायचा.